शास्त्रीजींच्या आठवणी छापता, त्यांचे निर्णयही छापा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

२ ऑक्टोबर आणि ११ जानेवारी जवळ आली की मराठी दैनिकांत लालबहादूर शास्त्रींवर लेख येतात आणि त्यात त्याच चार गोष्टी असतात. नावेला पैसे नाहीत म्हणून गंगा पोहून जाणारा मुलगा, रेल्वे अपघातानंतरचा राजीनामा, कर्ज काढून घेतलेली फियाट आणि ताश्कंदमधला मृत्यू. शास्त्रीजी साधे होते, प्रामाणिक होते, याबद्दल दुमत नाही. पण ९ जून १९६४ ते ११ जानेवारी १९६६ हे १९ महिने त्यांनी देश चालवला. त्यात एक युद्ध झाले, एक भीषण दुष्काळ पडला, मद्रासमध्ये भाषेवरून आंदोलन पेटले आणि लोकसभेत तीन अविश्वास ठराव आले. त्या काळात त्यांनी नेमके काय ठरवले, कोणत्या क्रमाने ठरवले आणि कुठे चुकले, हे या लेखांतून वाचकाला कळत नाही. गोष्टींमुळे माणूस आवडू लागतो, पण तो पंतप्रधान म्हणून कसा होता हे कळायचे राहून जाते. हे पत्र त्यासाठीच.

राजीनाम्यापासूनच सुरुवात करतो, कारण ती गोष्ट नेहमी अर्धवट छापली जाते. अपघात एक नव्हता, दोन होते. सप्टेंबर १९५६ मध्ये तेव्हाच्या हैदराबाद राज्यात महबूबनगरजवळ पुरात पूल खचला आणि गाडी खाली गेली. शंभरहून अधिक माणसे दगावली. शास्त्रीजींनी तेव्हाच राजीनामा दिला होता, नेहरूंनी तो परत केला. नोव्हेंबरात मद्रास राज्यात अरियालूरजवळ तसेच घडले. मुसळधार पाऊस, नदीला पूर, पुलाच्या पायाजवळची माती वाहून गेलेली आणि पहाटेच्या अंधारात त्यावर आलेली एक्स्प्रेस. पुन्हा शंभरावर बळी. या वेळी मात्र राजीनामा स्वीकारला गेला. मंत्र्याची व्यक्तिशः चूक नाही, पण संसदीय जबाबदारीचा पायंडा पडावा म्हणून आपण तो स्वीकारत आहोत, असे नेहरूंनी लोकसभेत स्पष्ट केले होते. पुढच्याच वर्षी शास्त्रीजी अलाहाबादमधून लोकसभेवर निवडून आले आणि पुन्हा मंत्री झाले. म्हणजे राजीनाम्याने कारकीर्द संपली नाही, उलट माणसाचे वजन वाढले. राजीनामा एकाच अपघातावर दिला आणि लगेच मान्य झाला, असे लिहिले की ही सगळी प्रक्रियाच वाचकाच्या नजरेआड होते.

त्याआधीचे आयुष्य थोडक्यात सांगता येईल. जन्म मुगलसराईचा, १९०४चा. ते दीड वर्षाचे असतानाच वडील गेले, आईने माहेरी वाढवले. असहकाराच्या हाकेवर शाळा सोडली, काशी विद्यापीठातून १९२५ मध्ये ‘शास्त्री’ ही पदवी घेतली आणि ती पदवीच पुढे आडनाव झाली. लाला लजपतराय यांच्या लोकसेवक मंडळाचे ते आजीव सदस्य होते. तुरुंगात एकूण सुमारे नऊ वर्षे गेली. स्वातंत्र्यानंतर उत्तर प्रदेशात गोविंद वल्लभ पंतांच्या मंत्रिमंडळात पोलीस आणि वाहतूक खाते, मग काँग्रेसचे सरचिटणीस, रेल्वे, वाणिज्य आणि उद्योग, १९६१ पासून गृह. भ्रष्टाचारावरची संथानम समिती त्यांच्याच गृहमंत्रिपदाच्या काळात नेमली गेली आणि तिच्यातून केंद्रीय दक्षता आयोग निघाला. एवढी खाती हाताळलेला माणूस पंतप्रधान झाला तेव्हा जगाने त्याला ‘नवखा’ म्हटले, याचे आजही नवल वाटते.

हजरतबलचा प्रसंग मात्र सविस्तर सांगायला हवा, कारण १९६५ चे शास्त्रीजी तिथे आधीच दिसतात. डिसेंबर १९६३ च्या अखेरीस श्रीनगरच्या हजरतबल दर्ग्यातून प्रेषित महंमदांचा मानला जाणारा पवित्र केस नाहीसा झाला. आठवड्याभरात तो सापडला, पण हा खराच तोच का, असा संशय लोकांच्या मनात होता. खोरे शांत होईना. नेहरू भुवनेश्वरला आजारी पडले होते, मधल्या काळात गृहमंत्रिपद सोडलेले शास्त्रीजी बिनखात्याचे मंत्री म्हणून परत आले होते. त्यांना श्रीनगरला धाडले. लोकांची मागणी होती की जाणत्या धर्मगुरूंनी केस प्रत्यक्ष पाहून खात्री द्यावी. अधिकाऱ्यांचा याला विरोध होता, कारण त्यांनी ‘नाही’ म्हटले तर काय, याला कुणाकडे उत्तर नव्हते. शास्त्रीजींनी सर्वांचे ऐकून घेतले, मग तो धोका स्वतःच्या अंगावर घेतला आणि ३ फेब्रुवारी १९६४ ला खास दर्शन ठेवले. धर्मगुरूंनी मान्यता दिली आणि प्रकरण निवळले. आधी ऐकायचे, भरपूर ऐकायचे, आणि मग धोक्याची बाजू ओळखून ठाम निर्णय द्यायचा. दीड वर्षाने युद्धाच्या वेळी हीच पद्धत दिसते.

पंतप्रधान झाल्यावर पहिला घाव कच्छमध्ये बसला. ९ एप्रिल १९६५ ला पाकिस्तानी सैन्याने रणातल्या सरदार चौकीवर हल्ला केला. तिथे आपले सैन्य नव्हते, केंद्रीय राखीव पोलीस होते. त्यांनी शर्थ केली, पण सरहद्दीवर पोलीस आणि समोर तोफखान्यासह लष्कर, ही व्यवस्थाच चुकीची होती. तेव्हा पाकिस्तानलगतची सीमा राज्यांचे पोलीस सांभाळत. प्रत्येक राज्याचे शस्त्र वेगळे, हुकूम वेगळा, लष्कराशी संपर्क जेमतेम. सीमा सुरक्षा दल १ डिसेंबर १९६५ ला उभे राहिले ते या अनुभवातून. त्याचे पहिले प्रमुख के. एफ. रुस्तमजी हे नागपूरजवळच्या कामठीत जन्मलेले. विदर्भातल्या किती वाचकांना हे ठाऊक असेल?

कच्छचा युद्धविराम ब्रिटिश पंतप्रधान विल्सन यांच्या मध्यस्थीने १ जुलैपासून लागू झाला आणि वाद लवादाकडे गेला. देशात या कराराविरुद्ध मोठी नाराजी होती. जनसंघाने दिल्लीत प्रचंड मोर्चा काढला, लोकसभेत अविश्वास ठराव आला. शास्त्रीजी तरीही मागे हटले नाहीत, आणि इथे त्यांचा हिशेब बरोबर होता. रणातल्या दलदलीत रसदीचे रस्ते पाकिस्तानला सोयीचे, आपल्याला अडचणीचे. लढायचेच तर शत्रूने निवडलेल्या जागी कशाला लढायचे? पाकिस्तानचे अध्यक्ष अयुब खान यांनी या संयमाचा अर्थ दुबळेपणा असा लावला, आणि त्यांची मोठी चूक झाली ती इथेच.

५ ऑगस्टपासून काश्मीरमध्ये घुसखोर पाठवण्याची मोहीम सुरू झाली. स्थानिक लोक उठाव करतील हा तिचा पाया होता. उठाव झाला नाही, उलट गावकऱ्यांनीच घुसखोरांची खबर दिली. घुसखोर पकडत बसण्यापेक्षा ते येतात ती वाट बंद करायची असे ठरले आणि २८ ऑगस्टला आपल्या सैन्याने हाजी पीर खिंड घेतली. लगेच १ सप्टेंबरला पहाटे पाकिस्तानने छांबवर रणगाड्यांचा लोंढा सोडला.

इथे नकाशा समोर हवा. छांबच्या पूर्वेला अखनूर. अखनूरला चिनाब नदीवर पूल. राजौरी आणि पूंछकडे जाणारी सगळी रसद या एका पुलावरून जात होती. पूल गेला की तिकडच्या सैन्याची नाळच तुटणार. पाकिस्तानकडे तिथे पॅटन रणगाड्यांची दोन पथके, आपल्याकडे हलक्या एएमएक्स रणगाड्यांची एक तुकडी. दुपारपर्यंत परिस्थिती बिकट झाली. चारच्या सुमारास लष्करप्रमुख जनरल जयंतनाथ चौधरी आणि हवाई दलप्रमुख अर्जनसिंग संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाणांकडे आले आणि विमानांची परवानगी मागितली. १९६२ मध्ये चीनविरुद्ध हवाई दल हल्ल्यासाठी वापरलेच गेले नव्हते. युद्ध वाढेल या भीतीने तेव्हा हात आखडला होता. चव्हाणांनी काही मिनिटांत होकार दिला, मंत्रिमंडळाच्या समितीची बैठक भरण्याची वाट पाहिली नाही, आणि पंतप्रधानांना कळवले. सव्वापाचनंतर पठाणकोटहून पहिली विमाने उडाली.

या निर्णयाची किंमतही लिहिली पाहिजे. पहिल्या लाटेत गेलेली व्हॅम्पायर विमाने जुनाट होती, समोर पाकिस्तानची सेबर लढाऊ विमाने. पहिल्याच संध्याकाळी चार व्हॅम्पायर पडली आणि त्यानंतर ती आघाडीवरून काढून घेतली गेली. पण रणगाड्यांचा वेग मंदावला. पाकिस्तानने त्याच सुमारास ऐन मोहिमेत सेनापती बदलला, अख्तर मलिक यांच्या जागी याह्या खान आले, आणि आपल्याला एक मोलाचा दिवस मिळाला. अखनूर वाचले.

आता यशवंतरावांनी समितीवाचून होकार दिला, त्याचे श्रेय चव्हाणांचे की शास्त्रीजींचे? माझ्या मते दोघांचे, आणि महाराष्ट्रात आपण अर्धेच सांगतो. सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावला हे आपण अभिमानाने म्हणतो आणि ते खरेही आहे. नोव्हेंबर १९६२ मध्ये खचलेले खाते चव्हाणांनी हाती घेतले, १९६४ पासूनची पंचवार्षिक संरक्षण योजना आखून घेतली, सव्वाआठ लाख सैन्य आणि ४५ स्क्वाड्रनचे हवाई दल असे लक्ष्य ठेवले, नाशिकजवळ ओझरला मिग विमानांचा कारखाना आणला. पण मंत्र्याने मिनिटांत निर्णय घ्यावा आणि पंतप्रधान आपल्या पाठीशी उभे राहतील याची त्याला खात्री असावी, हे वातावरण पंतप्रधानच तयार करतो. शास्त्रीजींनी सेनापतींच्या डावपेचांत ढवळाढवळ केली नाही. त्यांनी मर्यादा आखून दिल्या: काश्मीर बळाने घेण्याचा प्रयत्न हाणून पाडायचा, पाकिस्तानच्या लष्कराची आक्रमक ताकद मोडायची, आणि त्यासाठी लागेल तेवढाच प्रदेश घ्यायचा, तोही नंतर सोडण्याच्या तयारीने. तीन कलमे. सैन्याला काय करायचे आणि कुठे थांबायचे, दोन्ही स्पष्ट.

या चौकटीतच ३ सप्टेंबरला आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडायचे ठरले आणि ६ सप्टेंबरला पहाटे आपले सैन्य लाहोरच्या दिशेने निघाले. हेतू शहर घेण्याचा नव्हता. छांबकडे गेलेले पाकिस्तानी रणगाडे आणि तोफा मागे खेचाव्यात, हा होता, आणि तो साधला. नंतर पंजाबातल्या असल उत्तर या गावी आपल्या लोकांनी शेतांत पाणी सोडून जमीन भुसभुशीत केली. जड पॅटन रणगाडे चिखलात रुतले आणि उसाच्या शेतांतून त्यांच्या बाजूंवर मारा झाला. सुमारे ९७ रणगाडे पाकिस्तानने तिथे गमावले. सियालकोट आघाडीवर पूना हॉर्स या रणगाडा पलटणीचे लेफ्टनंट कर्नल अर्देशिर तारापोर यांनी १६ सप्टेंबरला प्राण दिले, त्यांना परमवीर चक्र मिळाले. त्यांचे शालेय शिक्षण पुण्यातले.

चुकाही होत्याच. तिन्ही दलांची एकत्र योजना जवळपास नव्हती. नौदलाला पोरबंदरच्या उत्तरेला न जाण्याच्या सूचना होत्या, ‘विक्रांत’ मुंबईत दुरुस्तीला उभी होती, आणि ७-८ सप्टेंबरच्या रात्री पाकिस्तानी नौदल द्वारकेवर तोफा डागून निघून गेले. ६ सप्टेंबरला तिसरी जाट पलटण लाहोरजवळचा इच्छोगिल कालवा ओलांडून डोगराई घेत बाटापूरपर्यंत पोचली, पण वरच्यांना खबरच नीट मिळाली नाही, मागून कुमक गेली नाही, पलटणीला परतावे लागले. तेच डोगराई मग युद्धविरामाच्या आदल्या रात्री पुन्हा रक्त सांडून घ्यावे लागले.

सर्वांत मोठी चूक शेवटच्या आठवड्यातली. संयुक्त राष्ट्रांचा दबाव वाढला होता, चीनने सिक्कीम सीमेवरून निर्वाणीचा इशारा दिला होता. शास्त्रीजींनी लष्करप्रमुखांना विचारले की आणखी काही दिवस मिळाले तर ठळक विजय मिळेल का. उत्तर आले की आघाडीचा बहुतेक दारूगोळा संपला आहे आणि रणगाड्यांचीही बरीच हानी झाली आहे. पुढे संरक्षण मंत्रालयाच्या इतिहासात नोंदले गेले की प्रत्यक्षात सुमारे १४ टक्केच दारूगोळा वापरला गेला होता आणि आपल्याकडे पाकिस्तानच्या दुप्पट रणगाडे शिल्लक होते. पाकिस्तानचा दारूगोळा अमेरिकेहून येणारा, आणि अमेरिकेने पुरवठा तोडला होता. आपल्याकडे खडकीसारखे कारखाने चालू होते. म्हणजे वेळ आपल्या बाजूला होता. २३ सप्टेंबरला पहाटे साडेतीनला तोफा थांबल्या. दारूगोळ्याचा हा हिशेब दुसऱ्या कुणाकडून तपासून घेण्याची यंत्रणा पंतप्रधानांजवळ नव्हती. सेनापतींवर विश्वास टाकण्याची त्यांची पद्धत १ सप्टेंबरला उपयोगी पडली, तीच इथे नडली. हे लिहिल्याने शास्त्रीजींचा मान कमी होत नाही.

ताश्कंदबद्दल ‘हाजी पीर देऊन टाकले’ एवढेच छापले जाते. आपल्याकडे सुमारे १,९०० चौरस किलोमीटर प्रदेश होता, पाकिस्तानकडे सुमारे साडेपाचशे. पण त्या साडेपाचशेत छांब होते, म्हणजे अखनूरच्या पुलाचे दार, आणि पंजाबातले खेमकरण होते. १० जानेवारी १९६६ च्या करारानुसार दोन्ही सैन्यांनी २५ फेब्रुवारीपर्यंत ५ ऑगस्टच्या जागी परतायचे होते. आपण हाजी पीर सोडले, छांब आणि खेमकरण परत मिळवले. सौदा आवडो वा न आवडो, दोन्ही पारडी वाचकासमोर ठेवायला हवीत. माझे स्वतःचे मत असे की हाजी पीरसाठी आणखी ताणायला हवे होते. पण ‘घेतलेला प्रदेश सोडू’ हे शास्त्रीजींनी सप्टेंबरातच ठरवलेले धोरण होते. ताश्कंदमध्ये कुणी त्यांना फसवले असे म्हणणे त्यांच्यावरच अन्याय करणारे आहे.

मृत्यूबद्दल: त्यांना आधी दोन हृदयविकाराचे झटके येऊन गेले होते, दुसरा पंतप्रधान झाल्यावर काही दिवसांतच. ११ जानेवारीच्या पहाटे ताश्कंदला त्यांचे निधन झाले. शवविच्छेदन झाले नाही, त्यामुळे कुटुंबीयांचे प्रश्न राहिले आणि ते समजण्यासारखे आहेत. एवढ्याला एक परिच्छेद पुरतो. त्यासाठी दरवर्षी पान भरणे आणि युद्धाला चार ओळी देणे हे प्रमाण चुकीचे आहे.

‘जय जवान’ सगळ्यांना पाठ आहे, पण ‘जय किसान’मागचे काम त्याहून कष्टाचे होते. १९६४-६५ मध्ये देशात सुमारे ८९ दशलक्ष टन धान्य पिकले, पुढच्या वर्षी पाऊस बुडाला आणि उत्पादन ७२ दशलक्ष टनांवर आले. अमेरिकेच्या पीएल-४८० या अन्नमदत योजनेतल्या गव्हावर रेशनची दुकाने चालत होती, आणि जॉन्सन सरकार तो गहू थोडा थोडा, अंदाज घेत सोडत होते. शास्त्रीजींनी सोमवारी एक वेळ न जेवण्याचे आवाहन केले, घराघरांत ते पाळले गेले आणि हॉटेलांनीही संध्याकाळी चुली बंद ठेवल्या. पण उपवासाने १७ दशलक्ष टनांची तूट भरत नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते. खरे काम त्यांनी युद्धाच्या आधीच सुरू केले होते. पोलाद खाते सांभाळणाऱ्या सी. सुब्रमण्यम यांना मुद्दाम अन्न आणि शेती खात्यावर आणले. शेतकऱ्याला भाव मिळाल्याशिवाय तो खत आणि बियाण्यावर पैसा घालणार नाही, हे सूत्र धरून एल. के. झा समिती नेमली. तिच्या शिफारशीतून जानेवारी १९६५ मध्ये कृषी मूल्य आयोग झाला. त्याचे पहिले अध्यक्ष मुंबई विद्यापीठाचे अर्थशास्त्रज्ञ एम. एल. दांतवाला. त्याच महिन्यात भाव ठरल्यावर माल प्रत्यक्ष उचलणारे अन्न महामंडळ आले. मेक्सिकन गव्हाचे २५० टन बियाणे १९६५ मध्ये आणले, पुढच्या वर्षी १८,००० टन. भाव, खरेदी आणि बियाणे या तिन्हींची घडी एकत्र बसली म्हणून पुढे पीक वाढले. यातले एक जरी मागे राहिले असते तर उरलेली दोन निरुपयोगी ठरली असती. महाराष्ट्रात त्याच काळात वसंतराव नाईकांनी हायब्रिड ज्वारीची मोहीम रेटली.

दुधाचेही तसेच. ऑक्टोबर १९६४ मध्ये शास्त्रीजी आणंदला गेले, कारखान्याचे उद्घाटन करून परतले नाहीत, तर जवळच्या अजरपुरा गावात रात्र काढली आणि शेतकऱ्यांना विचारत बसले की तुमच्या दुधाची संस्था चालते कशामुळे. संस्थेची मालकी शेतकऱ्यांकडेच आहे, हे त्यांच्या लक्षात आले. मग राष्ट्रीय डेअरी विकास मंडळ १९६५ मध्ये निघाले ते दिल्लीत नव्हे, आणंदला.

तेव्हा विनंती अशी. येत्या ११ जानेवारीला शास्त्रीजींच्या फोटोशेजारी छांब-अखनूरचा नकाशा छापा, चिनाबचा तो पूल ठळक दाखवून. १ ते ६ सप्टेंबरचा दिवसवार तक्ता द्या, कोणता निर्णय कुणी किती वाजता घेतला यासह. दुसऱ्या रकान्यात दोन वर्षांचे धान्य उत्पादन आणि कृषी मूल्य आयोगाची हकिगत द्या. आणि राजीनाम्याची गोष्ट सांगाल तेव्हा महबूबनगर आणि अरियालूर, दोन्ही नावे लिहा.

आपला,
एक वाचक, सातारा